भिवराक्का आणि सहा ते नऊचं जंगल

एका जंगलात फार पूर्वी जंगल होतं.

हसू नका मुलांनो, खरंच होतं. मग तिथल्या प्राण्यांना अक्कल आली. त्यांनी झाडं तोडली, रस्ते आखले. वाघांनी बंगले बांधले, हरणांनी सोसायट्या काढल्या, माकडं एकाच्या गच्चीवरून दुसऱ्याच्या गच्चीत डोकावू लागली. होता होता जंगलाचं शहर झालं. नदीकाठचा एक मोठा तुकडा तेवढा उरला. तोही कोणाला दया आली म्हणून नव्हे. दर पावसाळ्यात तिथे कमरेइतकं पाणी भरायचं, म्हणून कोणी घर बांधेना.

त्या तुकड्यात बाभळी होत्या, करंज होते, घाणेरीची दाट जाळी होती. नदीच्या वळणावर पांढऱ्या वाळूचा एक पट्टा होता. वाळूचा तो पट्टा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे काय झालं, शहरातल्या प्राण्यांना जिने चढताना दम लागू लागला. वैद्यांनी सांगितलं, "निसर्गात जा." आता निसर्ग कुठे मिळतो याची चौकशी सुरू झाली, तेव्हा हा तुकडा सापडला. सिंहमहाराजांनी ताबडतोब त्याचं 'नदीकाठ वन-उद्यान' असं नाव ठेवलं आणि एक समिती नेमली.

समितीनं पाहणी केली. निसर्गात त्यांना बरेच दोष आढळले. नदी वाटेल तिथून वर येत होती. पानं वाटेल तिथे पडत होती. दगड तर नुसतेच पडून होते. मग नदीच्या कडेनं उंच भिंत बांधली गेली. वाटांवर फरशी बसली. एकूण एक दगडाला खाली गेरू आणि वर चुना लागला. झाडांवर भोंगे बांधून त्यांतून पक्ष्यांचा किलबिलाट सोडण्यात आला. भोंग्यांच्या आवाजानं खरे पक्षी उडून गेले, पण किलबिलाटात खंड पडला नाही. शेवटी फाटकावर पाटी लागली, 'सकाळी सहा ते नऊ. उरलेला वेळ निसर्गाच्या विश्रांतीचा.'

ही वेळ ठरवली समितीचे सचिव शशिकांत ससे यांनी. मोठे तडफदार गृहस्थ. त्यांनी स्वतः घड्याळ लावून फाटकापासून वाळूच्या पट्ट्यापर्यंत धाव घेतली. चार मिनिटं लागली.

"चार मिनिटांचं काम आहे," ते बैठकीत म्हणाले. "आपण तीन तास देऊ. कोणाची तक्रार नको."

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बैठकीचं निमंत्रण कासवांनाही गेलं होतं. त्यांचा प्रतिनिधी निघालाही होता, पण बैठक संपेपर्यंत तो पुलापर्यंतच आला होता. ससा आणि कासव यांच्या शर्यतीची गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. ससेसाहेबांच्या घरात मात्र ती सांगायला बंदी होती.

आता भिवराक्काकडे येऊ.

भिवराक्का ही त्या नदीतली सगळ्यांत वयस्क कासवी. दर वर्षी पुराचं पाणी ओसरलं, की ती त्या पांढऱ्या वाळूत अंडी घालायची. तिच्या आईनं तिथेच घातली होती, आजीनंही तिथेच. अंडी घातली की पाण्यात परतायचं, पाण्यातून मान वर काढायची आणि त्या जागेकडे बघत राहायचं. कासवीची पिल्लं दुधावर वाढत नाहीत, नजरेवर वाढतात. तुमच्या आज्यांना विचारा, त्याही हेच सांगतील.

त्या वर्षी पोट जड झाल्यावर भिवराक्का नेहमीच्या वळणावर आली, तर समोर भिंत. डावीकडे गेली, भिंत. उजवीकडे गेली, भिंत. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नदी आपली माता आहे.' मातेला आत यायला जागा ठेवलेली नव्हती.

नाइलाजानं ती खाली धोब्यांच्या घाटापर्यंत पोहत गेली, पायऱ्या चढली, आणि रस्त्यानं चालत दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पोहोचली.

फाटकावर गेनू रानडुक्कर होता. ज्या चिखलात त्याचे बापजादे लोळले, तो चिखल बुजवून तिथे रखवालदाराची टपरी बांधली होती, आणि त्या टपरीत गेनू गणवेश घालून, गळ्यात शिट्टी अडकवून बसायचा. गणवेशाला चिखल लागलेला समितीला चालत नसे.

"नाव?" गेनूनं वही उघडली.

"भिवरा."

"पाव्हण्या का?"

"पाव्हणी कशानं? मी हितलीच. माझी आजी हितंच अंडी घालायची."

गेनूनं वही खालीवर पाहिली. "हितलं म्हणून रकानाच न्हाई, अक्का. व्यायामाला आलेले, मनःशांतीला आलेले, फोटूला आलेले, आन् इतर."

"मग इतर लिवा."

"इतरला कारण लागतंय."

"अंडी."

गेनूनं आवाज खाली केला. "अंडी घिऊन आलाय? बाहेरचं खायचं जिन्नस आत न्यायला बंदी हाय."

"पोटात हायेत."

"मग जावा. पोटातलं आम्ही तपासत न्हाई."

भिवराक्काला पास मिळाला आणि ती आपल्या घरी पाहुणी म्हणून शिरली.

वाट मोठी गजबजलेली होती. बाभळीखाली तरसांचं हास्यमंडळ जमलं होतं. त्यांना हसायला कारण लागत नसे, तरी ते एकमेकांना 'आता हसा' असं सांगत होते. अस्वलं हात हलवत उलटी चालत होती. पांढरे बूट घातलेली एक म्हैस मागून येऊन भिवराक्काला धडकली.

"अहो आजी, चालायच्या वाटेवर थांबू नका!"

"मी चालतीय."

म्हशीनं वाकून नीट पाहिलं. "मग पाठीला एखादा दिवा तरी लावा," असं म्हणून ती पुढे गेली.

ऊन वर आलं तशी फरशी तापू लागली. भिवराक्काच्या पायांना चिखलाची सवय, वाळूची सवय. ही नवी गुळगुळीत फरशी तिला पाऊल रोवू देईना. तरी ती चालत राहिली. वाटेच्या एक तृतीयांशावर सिमेंटचं एक भलंमोठं कासव बसवलं होतं. त्याच्याशेजारी पाटी होती, 'या परिसरात पूर्वी कासवे आढळत. कासव हे चिकाटीचे प्रतीक आहे. कृपया पाठीवर बसू नये.' पाठीवर कोल्ह्याची चार पोरं बसली होती आणि त्यांचे वडील समोरून फोटो काढत होते.

"आजी, जरा बाजूला व्हा," कोल्होबा म्हणाले. "कासव झाकलं जातंय."

भिवराक्का बाजूला होतेय तोच शिट्टी वाजली. नऊ वाजले होते. म्हैस, तरस, अस्वलं, कोल्हे, सगळे निसर्ग आटोपून भराभर घरी गेले. गेनू पालापाचोळ्याची हातगाडी घेऊन आला आणि त्यानं भिवराक्काला अलगद उचलून तीत ठेवलं.

"गाडी हायेच, तर तिकडं वाळूवर न्ह्या की मला," ती म्हणाली.

"आत जायला वाहनबंदी हाय, अक्का. बाहेर काढायला चालतंय." गेनूनं मान खाली घातली. "मी हुकमाचा ताबेदार."

दुसऱ्या दिवशी ती फाटक उघडायच्या आधीच येऊन बसली. सहाला निघाली, नऊला सिमेंटच्या कासवाच्या जरा पुढे पोहोचली, आणि हातगाडीतून परत आली. तिसऱ्या दिवशी तिनं एक युक्ती केली. शिट्टी वाजताच मान आणि पाय आत ओढून ती वाटेकडेला दगडासारखी पडून राहिली. तिला वाटलं, सगळे गेले की उरलेली वाट सावकाश चालून टाकू. पण गेनू सरळ तिच्यापाशीच आला.

"कसं वळखलंत?" तिनं आतूनच विचारलं.

"चुना न लावलेला दगुड ह्या बागंत एकबी न्हाई, अक्का."

त्या दिवशी हातगाडीत बसल्यावर भिवराक्काला रडू आलं. तिच्या पोटात अकरा अंडी होती आणि ती काही समितीचं वेळापत्रक वाचून थांबणारी नव्हती. फार तर तीन दिवस. त्यानंतर ती कुठेही पडली असती, फरशीवर, रस्त्यावर, हातगाडीत. गेनूनं ते पाहिलं. त्या दिवशी त्यानं गाडी जरा हळू ढकलली. त्याच्या हातात तेवढंच होतं.

चौथ्या दिवशी तिनं ससेसाहेबांना गाठलं. गाठलं म्हणजे काय, ती वाटेवर उभी राहिली आणि ससेसाहेब धावत फेऱ्या मारत असल्यामुळे दर थोड्या वेळानं तिच्याजवळून जाऊ लागले.

"साहेब, मला वाळूवर—" ती म्हणाली, तोवर साहेब दिसेनासे झाले.

पुढच्या फेरीला ते म्हणाले, "वाळूवर काय?"

त्याच्या पुढच्या फेरीला ती म्हणाली, "अंडी घालायचीत."

"अर्जात लिहा!"

"तीन तास पुरत न्हाईत."

या वाक्याला मात्र ससेसाहेब थांबले. जागच्या जागी पाय हलवतच ते म्हणाले, "पुरत नाहीत? मावशी, चार मिनिटांच्या वाटेला तीन तास दिलेत. वाघाला तीन, उंदराला तीन. यापेक्षा समान न्याय तो काय असतो? आणि तुमच्यासाठी वेळ वाढवली, तर उद्या गोगलगायी येतील." मग ते जरा मऊ झाले. "वाटेत झोपता वगैरे का तुम्ही? झोपू नका. झोपेनं भल्याभल्यांचं नुकसान झालेलं आहे."

एवढं म्हणून ते निघणार, तोच त्यांनी भिवराक्काकडे नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही खरं कासव आहात का?"

"आता काय सांगू!"

"वा! आम्ही शोधतच होतो. परवा कासव महोत्सव आहे. महाराज येणार आहेत. प्रमुख पाहुणे म्हणून कोणीतरी कासव हवं होतं, पण इकडे मिळेनात. कुठे गेली कोण जाणे. याल का?"

"म्होत्सव कुठं हाय?"

"वाळूच्या पट्ट्यावर. निसर्गाच्या अगदी कुशीत."

"येते," भिवराक्का म्हणाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

महोत्सवाच्या दिवशी तिला न्यायला तीच हातगाडी आली, पण आता तिला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. पाहुण्यांच्या वाहनाला आत जायची बंदी नव्हती. जी वाट तिच्यानं तीन दिवसांत सरली नव्हती, ती गेनूनं पाव तासात पार केली. सिमेंटचं कासव मागे पडलं. करंज मागे पडले. नदीचा वास आला, आणि भिवराक्काचा ऊर भरून आला.

वाळू मात्र दिसेना. वाळू बुटांत जाते म्हणून समितीनं त्या टोकापासून या टोकापर्यंत जाजमं अंथरली होती. मधोमध फळ्यांचं व्यासपीठ होतं. त्यावर खुर्च्या, खुर्च्यांवर मान्यवर, आणि मागे फलक, 'कासव वाचवा'. भिवराक्काला शाल पांघरली, नारळ दिला, पितळेचं एक कासव दिलं आणि खुर्चीत बसवलं. वाळू तिच्यापासून हातभर खाली होती. एवढ्या जवळ असून ती इतकी लांब कधीच राहिली नव्हती.

बरोबर साडेआठला ससेसाहेब बोलायला उभे राहिले. विषय होता, 'कासव आणि आपण'. आणि इथे, मुलांनो, एक चमत्कार झाला. पायांनी इतका चपळ असलेला हा प्राणी भाषणात पुढे सरकेना. आधी त्यांनी व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घेतलं, मग व्यासपीठावर नसलेल्यांचं. मग सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात केली.

भिवराक्काच्या पोटात कळ आली. तिनं इकडेतिकडे पाहिलं. सिंहमहाराज डोळे मिटून विचार करत होते आणि मधूनमधून घोरत होते. ती शाल खुर्चीवरच ठेवून खाली घसरली, व्यासपीठाच्या मागच्या कडेला गेली, आणि दोन फळ्यांच्या फटीतून खाली उतरली.

खाली वाळू होती. व्यासपीठाखाली कोण बघतंय म्हणून तिथे जाजम घातलं नव्हतं. गार, ओलसर, तिच्या आजीची वाळू. भिवराक्कानं मागच्या पायांनी खणायला सुरुवात केली.

तेवढ्यात नऊ वाजले. गेनू व्यासपीठामागे उभा होता. सवयीनं त्यानं शिट्टी ओठांना लावली. मग त्यानं वर ससेसाहेबांकडे पाहिलं. ते आत्ता कुठे मत्स्यावतार संपवून कूर्मावताराकडे वळत होते. मग त्यानं खाली फटीत पाहिलं. पाहून त्यानं शिट्टी खिशात घातली आणि आपली रुंद पाठ फटीला लावून तो सावधान उभा राहिला.

वर भाषण रंगात आलं होतं.

"ती शर्यत!" ससेसाहेब गरजले. "लोक म्हणतात, माझे आजोबा झोपले. मित्रहो, ते झोपले नाहीत. कासव समाजाला एक संधी मिळावी, म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. व्यासपीठ हादरलं. खाली तिसरं अंडं पडलं.

आयुष्यात पहिल्यांदा कोणी भिवराक्काला तिच्या गतीनं पुरेल एवढा वेळ दिला होता. तो आपण देतोय हे देणाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच. ससेसाहेब समारोपाला आले, असं तीनदा वाटलं. तीनदा ते पुन्हा उपोद्घाताकडे गेले. सव्वाअकराला अकरावं अंडं पडलं. भिवराक्कानं वाळू लोटली, पोटानं थापून सारखी केली, आणि त्याच फटीतून वर आली. खुर्चीवर शाल बसलेलीच होती. पाहुणी गेली कधी आणि आली कधी, याचा कोणाला पत्ताच नव्हता.

"आता प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द!"

भिवराक्का उभी राहिली. तिच्या नाकाला वाळू लागली होती.

"झालं माझं," ती म्हणाली.

इतकं आटोपशीर भाषण त्या शहरात कोणी ऐकलं नव्हतं. सगळे भारावून गेले.

परत जाताना गाडीच्या माळा सुकल्या होत्या. भिवराक्का मान वळवून मागे वाळूकडे बघत होती.

"आता कशाला तोंड उतरवलंय, अक्का?" गेनू म्हणाला. "झालं न्हवं काम?"

"अर्धं झालं. आमची लेकरं नजरंवर वाढत्यात, बाबा. पाण्यातनं बघाया गेले तर मधी भिंत. कुणी बघायचं त्यांच्याकडं?"

गेनू म्हणाला, "मी बघीन की. दिसभर दुसरं करतो काय? नुसतं बघायचाच पगार हाय मला."

दुसऱ्या दिवशी व्यासपीठ निघालं, तेव्हा गेनूनं त्या जागेवर एक दगड आणून ठेवला आणि त्याला खाली गेरू, वर चुना लावला. चुना लावलेल्या दगडाला समितीसुद्धा हात लावत नसे. गेनू रोज टपरीतून येऊन त्या दगडाकडे बघत बसायचा. ससेसाहेब धावता धावता म्हणायचे, "शाबास, गेनू! याला म्हणतात निसर्गप्रेम." भिंतीपलीकडे, पाण्यात, भिवराक्का भिंतीकडे बघत राहायची. मधूनमधून गेनू भिंतीवरून वाकून सांगायचा, "हायेत बरं का!"

तीन-चार महिन्यांनी एका सकाळी दगडाशेजारची वाळू हलली. अकरातली दहा पिल्लं वर आली. बाहेर येताच ती नदीकडे धावली, म्हणजे त्यांच्या मानानं धावली, आणि भिंतीपाशी जाऊन एका रांगेत अडली. वाटेवर बुटांचे आवाज येऊ लागले होते. गेनूनं पटकन टोपी काढून दहाही जणांना तीत गोळा केलं आणि तो नऊ वाजायची वाट पाहत बसला. कोणी विचारलं, तर म्हणायचा, "टोपी वाळवतोय."

नऊला त्यानं शिट्टी वाजवली. नियम स्वच्छ होता. नऊनंतर आत कोणी असता कामा नये, असल्यास बाहेर काढावं. कुठल्या बाजूनं बाहेर काढावं, ते समितीनं लिहायचं राहून गेलं होतं. गेनू भिंतीवर पोट टेकून वाकला आणि त्यानं टोपी अलगद नदीवर उपडी केली.

"मोजून घ्या, अक्का!"

भिवराक्कानं मोजली. मग पुन्हा मोजली. मग गेनू टपरीत गेला आणि त्यानं वहीत नोंद केली, 'आज दहा इसम विनापास आढळले. नियमानुसार बाहेर काढले.' ती वाचून समितीनं त्याला 'कर्तव्यदक्ष रखवालदार' म्हणून प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं.

प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या कासव महोत्सवात दिलं गेलं. प्रमुख पाहुण्या अर्थातच भिवराक्का. या खेपेला निमंत्रण येताच ती हरखून गेली होती. पोट पुन्हा जड होतं. माळा लावलेली हातगाडी आली. सिमेंटचं कासव मागे पडलं, करंज मागे पडले, नदीचा वास आला.

"गेल्या वर्षीचा महोत्सव इतका यशस्वी झाला," ससेसाहेब तिला हाताला धरून वर नेत म्हणाले, "की समितीनं ठरवलं, दर वर्षी फळ्या ठोकण्यात काय अर्थ आहे? कासवांसाठी कायमची सोय करू."

पांढरी वाळू होती, तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत काँक्रीटचं व्यासपीठ होतं. कोपऱ्यात गेनू उभा होता. त्याच्या हातात प्रमाणपत्र होतं, आणि तो भिवराक्काकडे बघत नव्हता.

भिवराक्कानं खुर्चीतून पाय खाली सोडून एकदा खरवडून पाहिलं. नख झिजलं. शाल आली, नारळ आला, दुसरं पितळेचं कासव आलं. तिच्या पोटात कळ आली.

ससेसाहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात केली. घाई कशाचीच नव्हती. वेळ आता हवा तेवढा होता.

तात्पर्य: सावकाश पण सतत चालणारा कधी ना कधी मुक्कामाला पोहोचतोच. म्हणून शहाण्यांनी मुक्कामावर आधीच काँक्रीट टाकून ठेवावं, म्हणजे पोहोचणाऱ्याचा सत्कार स्वच्छ जागेत करता येतो.